सॅमनच्या कल्ल्यातला पंप उलटा फिरतो का?

शंकासुर
शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, शंका साधी आहे, पण गेले चार दिवस छळतेय.

भाचीला जीवशास्त्र शिकवायला बसलो होतो. पुस्तकात सॅमनवर एक परिच्छेद: नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, अंडी घालायला परत नदीत येतो आणि या प्रवासात 'त्याचे शरीर पाण्याच्या क्षारतेशी जुळवून घेते'. मी पुढे वाचायला लागलो तर तिने थांबवलं. "जुळवून घेते म्हणजे नेमकं काय करते?" मी घसा खाकरला, पाणी प्यायलो, विषय बदलला. पोरगी काही विसरलेली नाही.

माझी समज शाळेतल्या मनुकेच्या प्रयोगापाशी थांबते. साध्या पाण्यात मनुका टम्म फुगते, मिठाच्या घट्ट पाण्यात टाकली की आकसते. त्या हिशेबाने सॅमन नदीत फुगून फुटायला हवा आणि समुद्रात सुकून चिपाड व्हायला हवा. दोन्ही होत नाही. म्हणजे त्याच्याकडे मिठाचा पंप असणार. नदीत तो मीठ आत ओढत असेल आणि समुद्रात उलटा फिरून बाहेर फेकत असेल. बरोबर आहे का, की हे माझे मनाचे मांडे?

खडूस_खेकडा
शनिवार, रात्री ९:३०

आम्ही खेकडे दोन्हीकडे निवांत असतो, आम्हाला कोणी विचारत नाही.
जाणकारांच्या प्रतीक्षेत. जागा राखून ठेवतो.

पाणीदार
शनिवार, रात्री ११:०५

पंप आहे, हे बरोबर. उलटा फिरतो, हे चूक. आणि खरी गंमत त्या चुकीतच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी आकडे. पाण्यात विरघळलेले कण मोजायचं एकक मिलिऑस्मोल. समुद्राचं पाणी सुमारे १०००, नदीचं जेमतेम १० किंवा त्याहूनही कमी. सॅमनचं रक्त दोन्ही ठिकाणी ३०० ते ३५० च्या दरम्यान. म्हणजे नदीत त्याचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट आणि समुद्रात भोवतालच्या एक तृतीयांश. समुद्रात थोडं वर सरकतं इतकंच, पण बाहेर शंभरपट फरक पडतो तेव्हा आतला काटा जवळपास जागेवर असतो.

खवले आणि कातडीतून फारशी देवाणघेवाण होत नाही. गळती होते ती कल्ल्यांतून. तिथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो, कारण तो जाड केला तर प्राणवायू आत येणार नाही. श्वास घ्यायचा तर गळती सोसायची, असा तो सौदा आहे.

त्यामुळे नदीत सॅमनच्या अंगात सारखं पाणी घुसत असतं आणि मीठ निसटत असतं. तो पाणी जवळपास पीत नाही, मूत्रपिंड भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतं आणि निसटलेलं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी नदीतून वेचून घेतात. थोडं अन्नातूनही मिळतं. समुद्रात सगळं उलट: अंगातलं पाणी जातं, मीठ घुसतं. मग तो समुद्र पितो, मूत्र अगदी थोडं करतो आणि जास्तीचं मीठ त्याच कल्ल्यांतून बाहेर टाकतो.

आता पंप. त्याचं नाव सोडियम-पोटॅशियम पंप, तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत असतो. एका फेरीत ३ सोडियम पेशीबाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो, त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. कल्ल्यातल्या पेशीला दोन तोंडं, एक पाण्याकडे, दुसरं रक्ताकडे. हा पंप बसवलेला असतो रक्ताच्या बाजूला. नदीतही आणि समुद्रातही. म्हणजे सोडियम तो दोन्हीकडे रक्तातच ढकलतो.

हे वाचून पहिल्यांदा मीही चक्रावलो होतो. मीठ बाहेर टाकायचंय आणि पंप सोडियम रक्तात ढकलतोय?

त्याचं असं आहे. समुद्रात त्याच रक्ताच्या बाजूला दुसरं एक दार असतं, जे १ सोडियम, १ पोटॅशियम आणि २ क्लोराइड असा चौघांचा जथा एकदमच पेशीत घेतं. पंपाने पेशीतलं सोडियम सतत उपसल्यामुळे आत त्याचा तुटवडा असतो, म्हणून रक्तातलं सोडियम आत यायला धडपडतं आणि येताना क्लोराइडला सोबत ओढून आणतं. पंप सोडियमला परत रक्तात पाठवतो. क्लोराइड मात्र आत अडकतं, साठतं आणि पाण्याकडच्या तोंडावरच्या एका वाटेने समुद्रात निसटतं. क्लोराइड ऋणभारित, ते गेलं की रक्ताची बाजू धन होते. मग सोडियमला विजेचाच धक्का बसतो आणि ते पेशीतून न जाता दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर पडतं. ती फट समुद्रातल्या माशात मुद्दाम सैल ठेवलेली असते.

नदीत तो जथ्याचा दरवाजा नको, सैल फटही नको. फटी घट्ट बंद, आणि पाण्याकडच्या तोंडावर वेगळी दारं: आम्ल किंवा अमोनिया बाहेर देऊन सोडियम आत घेणारी, बायकार्बोनेट देऊन क्लोराइड घेणारी. आत आलेलं सोडियम तोच पंप रक्तात पोचवतो.

थोडक्यात मोटर तीच, नळजोडणी बदलली.

निळाई
शनिवार, रात्री ११:४८

अप्रतिम प्रतिसाद, पाणीदार. फटीतून निसटणारं सोडियम डोळ्यांसमोर आलं.

क्लोराइडची पाण्याकडची वाट म्हणजे सीएफटीआर नावाचं प्रथिनच ना? माणसात ज्याच्या बिघाडाने सिस्टिक फायब्रोसिस होतो ते?

पाणीदार
शनिवार, रात्री ११:५५

तेच, ताई. त्या मुलांचा घाम जास्त खारट असतो आणि फुप्फुसातला चिकटा घट्ट होतो, तो या वाटेच्या बिघाडाने. सॅमन तीच वाट समुद्रात मीठ टाकायला वापरतो.

खडूस_खेकडा
रविवार, सकाळी ७:२०

सकाळी सकाळी मोटर आणि नळजोडणी. छान.

पण एक पटत नाही. तहान लागली म्हणून समुद्र पितो, हे कसं चालतं? माणूस होडीत अडकून समुद्राचं पाणी प्यायला तर आणखी लवकर मरतो. सॅमनने प्यायलं की तेच मीठ पोटात जाणार ना? आगीतून फुफाट्यात.

पाणीदार
रविवार, सकाळी १०:१०

माणूस मरतो कारण आपलं मूत्रपिंड समुद्राइतकं खारट मूत्र बनवू शकत नाही. घोटभर समुद्र प्यायला तर त्यातलं मीठ काढायला घोटापेक्षा जास्त पाणी खर्च होतं. सॅमनचं मूत्रपिंड तर आपल्याहून कमकुवत. त्याला रक्तापेक्षा खारट मूत्र करताच येत नाही. पण त्याच्याकडे कल्ले आहेत, आपल्याकडे नाहीत. सगळा फरक तिथे.

प्यायलेलं पाणी आधी अन्ननलिकेत येतं. तिच्या भिंतीतून मीठ जातं, पाणी फारसं जात नाही, म्हणून आतड्यात पोचेपर्यंत पाण्याचा खारटपणा बराच उतरलेला असतो. आतडं उरलेलं सोडियम आणि क्लोराइड शोषतं आणि त्याच्या मागोमाग पाणी आत येतं. म्हणजे पाणी मिळवण्यासाठी तो मीठ आधी मुद्दाम आत घेतो आणि मग कल्ल्यांतून फेकतो. आतबट्ट्याचा सौदा वाटतो, पण हिशेबात पाणी शिल्लक राहतं.

मॅग्नेशियम आणि सल्फेट ही कल्ल्यांच्या आवाक्याबाहेरची मंडळी. ती बहुतांशी आतड्यातूनच पुढे निघून जातात, जी रक्तात शिरतात त्यांना मूत्रपिंड बाहेर काढतं. समुद्रातल्या सॅमनला मूत्रपिंड लागतं ते मुख्यतः यासाठी. आणि कॅल्शियमचं तर और प्रकरण आहे. आतडं बायकार्बोनेट सोडतं, त्याने कॅल्शियम कार्बोनेट होऊन आतड्यातच साका बसतो. म्हणजे मासा चक्क चुनखडीचे बारीक दाणे विष्ठेतून टाकतो. समुद्रातले सगळे अस्थिमत्स्य हे करतात आणि समुद्रात तयार होणाऱ्या एकूण कार्बोनेटमध्ये त्यांचा वाटा दखल घेण्याजोगा आहे.

जुनी_वही
रविवार, दुपारी १२:३५

वाचनखूण साठवली आहे. थोडी ऐतिहासिक भर घालतो.

समुद्री मासे पाणी पितात आणि मीठ मूत्रावाटे नव्हे तर कल्ल्यांतून जात असणार, हे १९३० मध्ये होमर स्मिथने मांडलं. त्याने ईलसारख्या (सापासारखा लांबट मासा) माशांवर काम केलं होतं. लगेच १९३१ मध्ये अँसेल कीज याने ईलचं हृदय आणि कल्ले एकत्र काढून, त्यातून द्रव फिरवून, कल्ले क्लोराइड बाहेर टाकतात हे थेट दाखवलं. १९३२ मध्ये कीज आणि विल्मर यांनी त्या खास पेशी दाखवून दिल्या. क्लोराइड पेशी हे नाव त्यातूनच पडलं. त्याच दशकात कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोगने गोड्या पाण्यातले प्राणी अत्यंत पातळ पाण्यातूनही आयन कसे वेचतात, ते तपासलं.

हा कीज म्हणजे पुढे आहारातली चरबी आणि हृदयविकार यांच्या संबंधावरून गाजलेला तोच कीज. सुरुवात ईलच्या कल्ल्यांनी झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि तो पंप? तो सापडला १९५७ मध्ये, डेन्मार्कच्या येन्स स्कोऊला, किनाऱ्यावरच्या खेकड्याच्या मज्जातंतूंत. १९९७ मध्ये त्याला रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये निम्मा वाटा मिळाला. ४० वर्षांनी!

खडूस_खेकडा
रविवार, दुपारी १२:४१

खेकड्याच्या मज्जातंतूंत!! वर काय म्हणालो होतो? आम्हाला कोणी विचारत नाही. विचारलं की नोबेल मिळतं.

उत्तरवारा
रविवार, रात्री ८:५०

धागा उशिरा पाहिला. नॉर्वेत सॅमनच्या पिल्लांच्या केंद्रावर काही वर्षं काम केलंय, त्यामुळे पुस्तकाऐवजी टाकीकाठचं सांगतो.

वरच्या चर्चेत असं चित्र उभं राहतंय की मासा समुद्रात पोचतो, खारं पाणी लागतं आणि मग शरीर बदलायला लागतं. अटलांटिक सॅमनचं तसं नाही. तो नदीत असतानाच बदलून घेतो. खाऱ्या पाण्याचा एक थेंबही लागलेला नसताना.

नदीतल्या पिल्लाला पार म्हणतात. अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे उभे गडद पट्टे, तपकिरी-हिरवट रंग, स्वभावाने भांडकुदळ. आपल्या दगडाजवळ दुसऱ्याला फिरकू देत नाही. प्रवाहाकडे तोंड करून जागा धरून बसतो. एक ते कितीतरी वर्षं असा काढतो, नदी जितकी थंड तितका जास्त. मग एका वसंतात, दिवस मोठे व्हायला लागले की, त्याचा स्मोल्ट होतो. पट्टे चांदीखाली झाकले जातात, पंखांच्या कडा काळ्या पडतात, अंग सडपातळ होतं. वजनापेक्षा लांबी पुढे जाते. भांडण संपतं, थवे जमतात आणि रात्रीच्या अंधारात मंडळी प्रवाहासोबत खाली निघतात. नदीचा वासही याच दिवसांत मेंदूत कोरला जातो, परतताना तोच ओळखायचा असतो.

चांदी म्हणजे ग्वानिनचे स्फटिक. स्मोल्ट हातात धरायला गेलात तर खवले सुटतात आणि तळहाताला चमचमणारी पूड लागते. पार धरला तर नुसता बुळबुळीत चिकटा. नवीन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवायचो: हात पाहा, मासा तयार आहे की नाही ते कळतं.

अर्थात त्यावर कोणी विसंबत नाही. चांदी आली म्हणजे कल्ले तयार झाले असं नसतं. खरी परीक्षा साधी आणि निष्ठुर: काही माशांना थेट पूर्ण खाऱ्या पाण्याच्या टाकीत २४ तास ठेवायचं आणि मग रक्तातलं क्लोराइड मोजायचं. लिटरमागे १५० मिलिमोलच्या आत असेल तर पास. वर गेला तर अजून पार आहे, नुसता कपडे बदलून आलाय.

केंद्रात वसंताची वाट पाहत नाहीत. काही आठवडे दिवे कमी ठेवून खोटा हिवाळा करायचा, मग २४ तास उजेड. माशाला वाटतं दिवस वाढले. तिथून साधारण ३०० ते ४०० दिवस-अंशांनी स्मोल्ट तयार होतो. दिवस-अंश म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस; १२ अंशाच्या पाण्यात जवळपास महिना. उजेड सांगतो 'निघ', तापमान ठरवतं किती लवकर.

मीठमाती
रविवार, रात्री ९:३३

थोडा विरोधी सूर लावतो. उत्तरवारा म्हणतात ती आगाऊ तयारी सगळ्या सॅमनना लागू आहे का? पॅसिफिकमधला पिंक सॅमन वाळूतून वर येतो आणि लगेच समुद्राकडे निघतो, त्याला कुठे वर्ष-दोन वर्षं पार राहायला वेळ? शिवाय १९६६ मध्ये मिशिगनमध्ये सोडलेले कोहो सॅमन ग्रेट लेक्समध्ये आयुष्यभर गोड्या पाण्यातच वाढले. स्वीडनच्या व्हेनेर्न सरोवरात तर अटलांटिक सॅमनच कायमचा राहतो. समुद्र इतका अनिवार्य नाही. आणि पाणीदार, 'मोटर तीच' हे जरा सैल विधान झालं. पंपाचे दोन नमुने असतात, हे तुम्हालाही ठाऊक असणार.

पाणीदार
रविवार, रात्री १०:२०

मीठमाती, चोरी पकडलीत. सोपं करण्याच्या नादात ते गाळलं होतं.

सॅमनच्या कल्ल्यात पंपाच्या अल्फा भागाचे दोन नमुने असतात: १ए गोड्या पाण्यात जास्त, १बी खाऱ्या पाण्यात जास्त. समुद्रात गेल्यावर पहिला ओसरतो, दुसरा चढतो. दोघांची दिशा तीच, रक्ताकडे. म्हणून उलटा फिरत नाही हे टिकतं, 'मोटर तीच' हे मागे घेतो. मोटर त्याच जागी, त्याच दिशेची, पण मॉडेल वेगळं.

आणि इथेच उत्तरवारांचं म्हणणं कल्ल्यात दिसतं. स्मोल्ट नदीत असतानाच त्याच्या कल्ल्यात १बी नमुन्याच्या पेशी वाढतात. त्यांतल्या बऱ्याचशा पाण्याला तोंड न उघडता खालच्या थरात दबा धरून बसतात. नदीत त्या उघड्या पडल्या तर मीठच गळेल. खारं पाणी लागलं की वर येतात. म्हणूनच चांगल्या स्मोल्टचं रक्त समुद्रात एक-दोन दिवस थोडं खारट होतं आणि मग जागेवर येतं. पारला त्याच पाण्यात टाकलं तर या पेशी बनवण्यापासून सुरुवात, आणि तेवढा वेळ बहुतेकांना मिळत नाही.

उत्तरवारा
रविवार, रात्री १०:४४

पिंक आणि पॅसिफिकमधलाच चम सॅमन यांच्याबद्दल मीठमाती बरोबर आहेत. त्यांनी ती तयारी अगदी लहानपणात ओढून आणली आहे. ग्रॅमभरही वजन नसलेलं पिल्लू खारं पाणी पेलतं. तिकडच्याच चिनूक जातीत दोन्ही प्रकार, काही पहिल्याच वर्षी खाडीत रेंगाळत निघतात, काही वर्षभर नदीत थांबतात. सॉकाय जातीचा सॅमन बहुधा एक-दोन वर्षं सरोवरात काढतो, आणि त्याचाच कोकनी हा भाऊ समुद्रात जातच नाही. सरोवरात अडकलेल्यांत वसंतातला बदल मंदावलेला दिसतो.

पण एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती मी भोगली आहे. समुद्र अनिवार्य नसेल, पण वेळ अनिवार्य आहे. स्मोल्ट झाल्यावर त्याला खारं पाणी मिळालं नाही तर काही आठवड्यांत तो परत फिरतो. पंपाची ताकद उतरते, कल्ले पुन्हा नदीचे होतात. पाणी कोमट असेल तर आणखी लवकर.

एका वर्षी आमची एक तुकडी चाचणीत पहिल्या नंबराने पास झाली होती. मग वाहतुकीची बोट लांबली, वरिष्ठ म्हणाले चार दिवसांनी काय होतंय. चाराचे वीस झाले, वर त्या पंधरवड्यात ऊन लागलं आणि टाक्यांतलं पाणी तापलं. मासे दिसायला तसेच, चांदी शाबूत. फेरचाचणी करा म्हणून मी दोनदा म्हटलं, कोणी मनावर घेतलं नाही. समुद्रातल्या जाळ्यांत सोडल्यावर तिसऱ्या दिवसापासून काळपट, सुकलेले मासे पृष्ठभागालगत कडेकडेने फिरायला लागले. डोळे आत गेलेले. एकाला हातात घेतलं तर पाठीवर कातडी सैल लागत होती. पाण्यात असून कोरडा. रोज सकाळी मेलेले काढायचं काम माझ्याकडे होतं.

निळाई
रविवार, रात्री ११:०२

'पाण्यात असून कोरडा' वाचून वाईट वाटलं.

हे सगळं ठरवतं कोण? उजेड डोळ्यांना दिसला, ते कल्ल्यांना कसं कळतं?

पाणीदार
सोमवार, सकाळी ९:१५

संप्रेरकं. उजेडाचा निरोप मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला जातो. समुद्राच्या बाजूने काम करतात वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल. एकेकटं दोघंही काही करतात, पण एकत्र आली की कल्ल्यातला पंप झपाट्याने वाढतो. थायरॉक्सिनचीही त्या दिवसांत उसळी येते, त्याचा संबंध अधिक करून रंगरूप आणि वागणुकीशी.

नदीच्या बाजूने उभं असतं प्रोलॅक्टिन. होय, सस्तन प्राण्यांत दूध आणणारं तेच. १९५९ मध्ये ग्रेस पिकफर्ड आणि तिच्या सहकाऱ्याने किलिफिश नावाच्या छोट्या माशाची पीयूषिका काढून टाकली. समुद्राच्या पाण्यात तो मासा जगे, गोड्या पाण्यात मरे. प्रोलॅक्टिन टोचलं की गोड्या पाण्यातही तगे.

कॉर्टिसॉल मात्र दोन्ही पक्षांत. वाढीच्या संप्रेरकासोबत समुद्राचं काम करतं, प्रोलॅक्टिनसोबत नदीचं. आपल्याकडे मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन वेगळं असतं; अस्थिमत्स्यांत ते नाही, तोही भार कॉर्टिसॉलवरच.

शंकासुर
सोमवार, दुपारी १:४०

बापरे. चार ओळींच्या शंकेवर एवढं पीक आलं. सगळ्यांचे आभार. भाचीला 'फटीतून निसटणारं सोडियम' कागदावर काढून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न, तिच्याच शब्दांत: "परत येताना पण आधीच तयारी करतो का, की नदीच्या तोंडाशी आल्यावर घाई?"

उत्तरवारा
सोमवार, संध्याकाळी ६:३०

भाचीला इकडे सदस्य करा, शंकासुर. तिचे प्रश्न तुमच्यापेक्षा बरे आहेत.

परतीची तयारीही बऱ्याच अंशी आधी सुरू होते. समुद्रातच, लैंगिक परिपक्वता जवळ आली की. किनाऱ्याजवळ, अजून खाऱ्या पाण्यातच असलेल्या सॉकायच्या कल्ल्यांत पंपाचा जोर उतरायला लागलेला आढळतो. म्हणजे हे मासे समुद्रात असतानाच समुद्राला नालायक व्हायला लागतात. कॅनडातल्या फ्रेझर नदीत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून उशिराच्या हंगामातले सॉकाय नदीच्या तोंडाशी थांबायचे आठवडे गाळून लवकर आत शिरू लागले आणि अंडी घालण्याआधीच मोठ्या संख्येने मेले. आयन सांभाळण्याची यंत्रणा लवकर उलटणं हे एक संशयित कारण, नदीतलं कोमट पाणी आणि रोग ही बाकीची.

नदीत आल्यावर तो खाणंही सोडतो. आतडं आक्रसतं. साठवलेल्या चरबीवर आणि शेवटी स्वतःच्या स्नायूंवर प्रवास. अमेरिकेत आयडाहोच्या रेडफिश लेकला जाणारे सॉकाय समुद्रापासून सुमारे १४५० किलोमीटर चालून २००० मीटर उंचीवर पोचतात, पोटात काही नसताना, आणि वाटेत पूर्णवेळ पाणी उपसत आणि मीठ वेचत.

आणि एक मजा. ताज्या आलेल्या माशाच्या अंगावर समुद्री उवा चिकटलेल्या असतात. सॅमनने जी कसरत केली ती त्या उवांना जमत नाही, नदीत थोड्या दिवसांत गळून पडतात. उवा दिसल्या की गळ टाकणारे ओळखतात, मासा कालपरवाच समुद्रातून आलाय.

मीठमाती
सोमवार, रात्री ९:०५

पॅसिफिकवाले अंडी घालून मरतात ते याच ओढाताणीने का? म्हणजे परत समुद्रात जाता येत नाही म्हणून?

पाणीदार
सोमवार, रात्री ९:५०

नाही. मीठ-पाण्याचा तोल शेवटी ढासळतो खरा, पण मूळ कारण परिपक्वतेसोबत प्रचंड चढलेलं कॉर्टिसॉल. प्रतिकारशक्ती संपते, अंगावर बुरशी येते, अवयव खिळखिळे होतात. १९६१ मध्ये रॉबर्टसनने कोकनीच्या पिल्लांचे जननग्रंथी काढून पाहिले, ते मासे नेहमीच्या वयापलीकडे कित्येक वर्षं जगले.

अटलांटिक सॅमनला ही शिक्षा नाही. त्यातले बरेच मरतात, पण काही जगतात. त्यांना केल्ट म्हणतात. अंडी देऊन काठीसारखे झालेले हे मासे वसंतात परत चांदी चढवून समुद्रात जातात. नळजोडणी पुन्हा बदलायची, आणि तीही उपाशी पोटी.

जुनी_वही
सोमवार, रात्री १०:१५

यात आम्लपाऊस कोणी आणला नाही अजून. दक्षिण नॉर्वेतल्या कितीतरी नद्यांतला सॅमन विसाव्या शतकात त्यानेच संपला. आम्ल पाण्यात मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि कल्ल्यांवर बसतं. पार कदाचित तगून जाईल, पण स्मोल्टला नदीतले थोडे दिवसही पुरतात: दिसायला धडधाकट, समुद्रात पोचला की मीठ फेकता येत नाही. मरतो समुद्रात आणि दोष असतो नदीचा, त्यामुळे उमगायलाही वेळ लागला. पुढे तिथे नद्यांत वर्षानुवर्षं चुना टाकत राहिले, तेव्हा काही ठिकाणी मासा परत आला.

निळाई
सोमवार, रात्री १०:३८

म्हणजे उत्तरवारांच्या बोटीसारखंच. चूक एका ठिकाणी, मेलेले मासे दुसऱ्या ठिकाणी.

उत्तरवारा
सोमवार, रात्री ११:१०

हो.

भाचीसाठी आणखी एक. सॅमनच्या कानात एक खडा असतो, चुनखडीचा, वाढत्या वयासोबत त्यावर थर चढत जातात, झाडाच्या कड्यांसारखे. समुद्रात नद्यांपेक्षा बहुधा स्ट्रॉन्शियम जास्त, त्यामुळे तिथे बनलेल्या थरांतही जास्त. खडा कापून मधून कडेपर्यंत मोजत गेलं की आलेख आधी खाली सपाट, मग एके ठिकाणी भसकन वर. तो मासा समुद्रात शिरला तो दिवस.

अगदी मधल्या ठिपक्यात मात्र स्ट्रॉन्शियम पुन्हा जास्त निघतं, पिल्लू अजून अंड्यातच असताना. तिला विचारा का ते.

शंकासुर
मंगळवार, सकाळी ८:०५

विचारलं. दात घासता घासता म्हणाली, "आई समुद्रातून आली होती ना, अंडं तिकडेच बनलं असेल."

खडूस_खेकडा
मंगळवार, सकाळी ८:१२

शंकासुर, तुमचं खातं तिच्या नावावर करून टाका.

ईलवर वेगळा धागा काढा कोणीतरी. ते महाशय उलट करतात: वाढतात नदीत, अंडी घालायला जातात समुद्रात. जागा राखून ठेवतो.